नोटीस कुणाच्या नावानं काढायची?

कम्प्यूटरला नोटीस पाठवता येते का हो? मी वकील, पण हा प्रश्न मलाच पडला होता.

मुलांसाठी सहा वर्षं घरी राहिलेल्या एका बाईनं नई सडकेवर आमच्या मोहित्यांच्या साडी शोरूममध्ये नोकरीला अर्ज केला. त्यांच्या नव्या एआयनं मिनिटभरात नकार कळवला. कारण काय, तर नोकरीत खंड!

तिचं वकीलपत्र घेऊन मी मोहित्यांना गाठलं.

"वकीलसाब, मैंने कुछ नहीं किया. सगळं मशीन ठरवतं."

"मशीन कुणाचं?"

"आमचंच. पण डोकं त्याचं ना!"

काउंटरवर त्यांची बायको बसली होती. सगळं शोरूम चालवतात त्याच. म्हणाल्या, "अहो, जरा माझा अर्ज टाकून बघा की."

मोहित्यांनी हौसेनं भरला. लग्नाआधी शाळेत नोकरी, मग मुलांपायी दहा वर्षं घरी, नंतर शोरूम. मशीननं लगेच नकार दिला. कारण तेच.

मोहिते हसायला गेले आणि मध्येच थांबले.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, नोटीस यांच्याच नावानं काढा. पत्ता इथलाच घाला. पोस्टानं रजिस्ट्री आली की पोचपावतीवर सही मीच करते."