वारा पडला की सॉना बंद

...आणि वर बायको मलाच विचारते, "ओस्मो, वारा आहे का रे?" आता मला सांगा, मी जन्मभर ह्या कुओपिओ शहरात बस चालवली, कधी एका तरी प्रवाशानं मला वाऱ्याबद्दल विचारलं? नाही! बस डिझेलवर चालते. पण आमचा संसार? तो अख्खा हिवाळा वाऱ्यावर चालला, तुम्हाला सांगतो, आणि वाऱ्याच्या भरवशावर कधी घर चालतं का, सांगा मला!

बसा, बसा. कॉफी ताजी आहे. हो हो, ताजी, आत्ता केलेली, थर्मासमधली नव्हे. थर्मासचा विषय काढू नका, राइया आतल्या खोलीत आहे आणि तिला सगळं ऐकू जातं.

मुळात हे सगळं झालं पेन्तीमुळे. पेन्ती म्हणजे माझा मेहुणा, राइयाचा धाकटा भाऊ. त्याची वीज बांधलेल्या भावाची. म्हणजे करार केला की दोन वर्षं तोच भाव, वादळ होवो की बर्फ पडो. तर हा ऑगस्टात आमच्याकडे आला, मी धुरावर भाजलेला मासा त्यानं पोटभर खाल्ला, बोटं चाटली, आणि म्हणतो कसा... हा असा, दात कोरत कोरत... "मला आपली रात्री शांत झोप लागते बुवा." मी म्हटलं, "म्हणजे मला लागत नाही?" तर म्हणे, "मी तसं कुठं म्हटलं?" आता आम्ही इकडची, सावो भागातली माणसं, आमच्यात कुणी काही म्हणत नसतंच, ऐकणाऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं असतं. मी समजून घेतलं! आणि दुसऱ्या दिवशी राइयाच्या मागे लागून बाजारभावाची वीज घेतली. राइयाच्या मागे का? तर मीटर तिच्या नावावर, घर तिच्या वडिलांचं, बिल परस्पर तिच्या बँकेत येतं आणि परस्पर जातं, मी त्यात कधी पडलो नाही. पडायला हवं होतं.

बाजारभावाची वीज म्हणजे काय, की तासातासाला भाव वेगळा. तिकडे समुद्रकाठी वारा सुटला, पवनचक्क्या गरागरा फिरल्या, की वीज मातीमोल. वारा पडला आणि वर कडाक्याची थंडी आली, की हात लावायची सोय नाही. सप्टेंबरात एकदा असं वादळ आलं, असं वादळ आलं, की भाव शून्याच्या खाली! म्हणजे तुम्ही दिवा लावायचा आणि त्यांनी तुमचे आभार मानायचे! मी भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले, गॅरेजमधले लावले, सॉना तापवला, ओव्हन रिकामा चालू केला आणि अंगणात उभा राहून पावसात भिजत घराकडे बघत राहिलो. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

आणि त्या आनंदात माणूस काय करतो? मेहुण्याला फोन करतो! मी म्हटलं, "पेन्ती, झोपलायस का शांत?" तो म्हणाला, "हिवाळा येऊ दे." मी म्हटलं, "येऊ दे ना!" तो म्हणाला, "होडी लावतोस?" आणि मी... अहो, माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही... मी म्हटलं, "लावली!"

होडी म्हणजे तुम्हाला काय वाटलं, प्लास्टिकची? माझ्या वडिलांनी स्वतः बांधलेली, फळी न् फळी त्यांनी वाकवलेली, दर वसंतात मी तिला डांबर लावतो तेव्हा तो वास नाकात गेला की वडील शेजारी उभे आहेत असं वाटतं. त्याच होडीत बसून मी राइयाला मागणी घातली होती. ती म्हणाली, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे हो. ती होडी मी पैजेवर लावली! हिवाळ्याचं बिल गेल्या हिवाळ्यापेक्षा जास्त आलं तर वाप्पूच्या सणाला, एक मेला, बर्फ वितळला की पेन्तीनं ती घेऊन जायची. का लावली? तर पेन्तीला शांत झोप लागते म्हणून! वाऱ्याच्या भरवशावर कधी घर चालतं का, सांगा मला!

मग मी कामाला लागलो. लोक काय करतात, फोनवर ते ॲप घेतात, त्यात रंगीत खांब दिसतात, हिरवा खांब स्वस्त, लाल खांब महाग. मी म्हटलं, छे, मधल्या माणसाकडून कशाला घ्यायचं? मी थेट तिकडच्या बाजाराचं मोठं कोष्टक उघडायचो, जिथं अख्ख्या युरोपचे भाव लागतात तिथलं. चष्मा लावून बसायचो. राइया म्हणायची, "तुला त्यातलं कळतं का?" मी म्हणायचो, "अगं, जन्मभर वेळापत्रकावर जगलोय मी, मला कोष्टक शिकवतेस?"

आणि शिस्त म्हणजे शिस्त! पहाटे भाव उतरला की मी उठून धुणं लावायचो, वाळत घालायचो, घड्या करायचो. भांडी मी. झाडलोट मी. दिवसभराची कॉफी पहाटेच करून थर्मासमध्ये. राइयानं पहिल्या दिवशी दुपारी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओस्मो, माझ्या आईनं युद्धाच्या दिवसांत चिकोरीची कॉफी प्यायली." एवढंच. आता ह्याचा अर्थ मी काय घ्यायचा? मी म्हटलं, कौतुक करतेय.

मग ऑक्टोबरात आला कालाकुक्कोचा दिवस. राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या जाड पारीत बारके मासे आणि डुकराची चरबी भरायची आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर पाच-सहा तास विसरून जायचं, काटेसुद्धा विरघळले पाहिजेत. विसरून जायचं! पण मी कसा विसरू? कोष्टकात दुपारी दोन तास भाव चढलेला! राइया बाहेर दुकानात गेली होती. मी ओव्हन बंद केला, कालाकुक्को बाहेर काढला, ब्लँकेटमध्ये गुंडाळला, वर माझा लोकरीचा कोट घातला, आणि भाव उतरल्यावर परत आत सरकवला. मला वाटलं, कुणाला कळतंय? जेवायला बसलो. राइयानं सुरी घातली. पारी दगडासारखी, आत मासे अर्धे कच्चे, आणि पहिल्याच घासात माझ्या कोटाचं बटण! तिनं ते बटण काढून माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं. तिच्या आईची पाककृती होती ती. राइया उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलत बसली. मी म्हटलं, बहिणीशी बोलत असेल, मन मोकळं करू दे.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. आणि जानेवारीत ती थंडी पडली. वारा? नाव नको! चिमणीचा धूर सरळ आकाशात, जसा काठीनं उभा केलाय. मी खिडकीला नाक लावून उभा. राइया मागून विचारायची, "वारा आहे का?" "नाही." "मग आजही सॉना नाही?" "नाही." शनिवारी संध्याकाळी सॉना नाही! अहो, आमच्याकडे माणूस एक वेळ जेवण चुकवेल! आम्ही दोघं स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत, आंघोळीविना अंगाचा घाण वास घेत बसून राहायचो. वाऱ्याच्या भरवशावर कधी घर चालतं का, सांगा मला!

आणि एका शनिवारी पेन्ती आला. हातात बिअर, खांद्यावर टॉवेल. "सॉना असेल ना? की वारा नाही?" असं हसून. मी कोष्टक बघितलं. दिवसभर भाव असा, की मी आयुष्यात बघितला नव्हता, पण पाच वाजता धाडकन खाली! मी म्हटलं, "ये की! आमच्याकडे पाचला लागतो सॉना!" आणि पाचाच्या ठोक्याला मी सॉनाची भट्टी चालू केली, धुण्याचं मशीन चालू केलं, ओव्हन चालू केला, गाडीचं इंजिन विजेवर गरम करायला लावलं. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं घर एकदम सोडलं!

काय सुख ते! वरच्या फळीवर आम्ही दोघं नागडे, दगडांवर पाणी मारतोय, वाफ कानाला चावतेय. मी मनात म्हटलं, होडी वाचली. पेन्ती दुसरी बिअर आणायला बाहेरच्या खोलीत गेला, आणि तिथून आवाज... "ओस्मो... तुझी भट्टी चालू आहे?" मी म्हटलं, "मग काय चुलीवर तापलाय?" तो दारात आला, हातात फोन. बांधलेल्या भावाच्या माणसाकडे ते ॲप कशाला हवं? तर मेल्यानं मुद्दाम घेतलेलं, माझी फजिती रोज बघायला! "अरे," म्हणतो, "आत्ता तर सगळ्यात उंच खांब आहे. अख्ख्या हिवाळ्यातला. उतरणार सहाला." मी म्हटलं, "पाचला! कोष्टकात पाच लिहिलंय!" तो म्हणाला, "कुठल्या कोष्टकात?" मी सांगितलं. आणि तो... हसला नाही हो! हसला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "ओस्मो, ते त्यांच्या घड्याळाचे तास आहेत. मध्य युरोपचे. आपण त्यांच्या एक तास पुढे असतो. त्यांचे पाच वाजतात तेव्हा आपले सहा."

मी जन्मभर वेळापत्रकावर जगलेला माणूस! त्या धगधगत्या सॉनात मला थंडी वाजली. आजचं सोडा, अख्खा हिवाळा! दर वेळी भाव उतरायच्या आधी, अगदी शिखरावर नेम धरून, मी सगळं घर चालू करत होतो! जे चालू ठेवायला हवं होतं ते बंद, आणि बंद ठेवायला हवं होतं ते चालू! डोळ्यांपुढे होडी आली. पेन्तीच्या गाडीमागे बांधलेली होडी.

मी पळालो! टॉवेल? कसला टॉवेल! गुडघाभर बर्फातून तसाच, अंगातून वाफा निघतायत, गॅरेजमध्ये गेलो आणि मुख्य स्विच खाली ओढला. सगळं घर काळंकुट्ट. आणि मी तिथंच बाहेर बर्फात उभा राहिलो आणि रडलो, तुम्हाला सांगतो, खरंच रडलो, ह्या वयात, नागडा.

राइया टॉर्च घेऊन दारात आली. उजेड माझ्यावर. "ओस्मो, काय झालं?" मी म्हटलं, "होडी गेली, राइया. मी एक तास चुकलो. अख्खा हिवाळा चुकलो. बाबांची होडी गेली." तिनं टॉर्च माझ्या पायांकडे वळवला. मग म्हणाली, "आधी आत ये, गारठशील. आणि तो स्विच वर कर, माझा पाव बसेल ओव्हनमध्ये. आपण कुठे बाजारात आहोत?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कालाकुक्कोच्या दिवशीच मी फोन करून बांधलेला भाव घेतला. दोन वर्षांचा. तू तुझ्या खिडकीत उभा राहा नाहीतर नको राहू, बिल तेच येतं. दर महिन्याला गेल्या वर्षीपेक्षा कमीच आलंय, पुढेही तसंच येईल."

अहो... काय सांगू! माझे पाय बर्फात होते हे मी विसरलो! मी तिला मिठी मारली, टॉर्च पडला, ती ओरडली, "ओला आहेस!" मागे पेन्ती टॉवेल गुंडाळून उभा, म्हणतो, "पण पैज तर बाजारभावाची..." राइया म्हणाली, "पैज बिलाची होती. कमी आलंय. बिअर संपव आणि घरी जा." गेला! मी स्विच वर केला, कपडे घातले, शेडमध्ये गेलो आणि होडीच्या कडेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. सुटलो बुवा.

मग रात्रीच्या जेवणाला, ताज्या कॉफीवर, मी विचारलं, "राइया, ऑक्टोबरपासून तुला माहीत होतं. बोलली का नाहीस? मी तीन महिने पहाटे उठलो. आपण सॉनाशिवाय शनिवार काढले!" ती म्हणाली, "सॉनाचं वाईट वाटायचं. मी सांगणार होते रे. खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगणार होते. पण उठून बघते तर धुणं वाळत घातलेलं, भांडी घासलेली, जमीन लखलखीत... म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. लग्नानंतर इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं, ओस्मो."

 मी म्हटलं, "ठीक आहे, पण आता मला कळलंय. भाव बांधलेला आहे. आता वाऱ्याचा आणि माझा काही संबंध नाही." ती म्हणाली, "बघू."

आणि आज सकाळी, तुम्ही यायच्या जरा आधी, मी आरामात ताजी कॉफी पीत बसलोय, तर आतून आवाज, "ओस्मो, वारा आहे का रे?" मी खिडकीतून बघितलं, सवय हो, बर्चच्या फांद्या हलत होत्या. म्हटलं, "आहे, चांगला सुटलाय."

"मग धुणं लाव."

मी म्हटलं, "अगं, आपला भाव बांधलेला आहे! वारा असला काय, नसला काय!"

"तेच म्हणतेय मी," आतून आवाज, "वारा नसता तरी लावायचंच होतं."

...थांबा हं जरा, ते मशीन वाजतंय, कपडे वाळत घालून येतो.