कुंपणावरचं लाल लुगडं

आई गेल्यानंतर मी घारापुरीची टेकडी चढले. वर कातळावर एक वृद्ध जोडपं समुद्रापलीकडच्या मोरा गावाकडे पाहत बसलं होतं.

"आपलं घर कुठं हाय?" म्हातारीनं विचारलं.

"त्या टेकाडामागं, जने. हितून दिसत न्हाय."

"गोदू हितं नांदायला आल्यापासून खुशालीची खूण म्हनून मी रोज सकाळी कुंपणावर लाल लुगडं टाकते. ती म्हनायची, दिसतं गं आये."

"तिलाबी दिसत नव्हतं."

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"बाप-लेक सामील! आन मीच येडी!"

"तिनंच शपथ घातली व्हती. ती सासरी आल्यावर तू अंथरूण सोडीत नव्हतीस. म्हनाली, त्या निमतानं आय उठंल तरी."

म्हातारी पुन्हा त्या टेकाडाकडे पाहू लागली.

"मरून वरीस झालं तिला. आन कार्टी आजून उठवते मला."