वासावरून मीठ

दाताच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर दोघी बहिणी गप्पा मारत होत्या. आपल्या नंबरची वाट बघत बसलेल्या एका मास्तरीणबाईंनी मासिक उघडलं खरं, पण पान काही उलटलं नाही.

"ताई, पोरगी मात्र तुझी गुणाची हं!"

"अगं, सोळाव्या वर्षी अख्खं स्वयंपाकघर सांभाळते. चिरलेली फोड न् फोड सारखी. एखादी वाकडी गेली की सगळं पहिल्यापासून."

"बापरे!"

"पहिला नंबर हुकला तेव्हा आठवडाभर स्वतःवरच रुसून बसली होती. शिस्त अंगातच आहे तिच्या."

"जेवते ना पण नीट? फार वाळलीय गं."

"सगळ्यांना आग्रह करकरून वाढते. स्वतःचं मात्र एकच पालुपद, चाखता चाखताच पोट भरलं."

"आणि मीठबीठ जमतं?"

"चोख! गंमत म्हणजे जिभेला थेंब लावत नाही. नुसत्या वासावरून ओळखते."

धाकटी वळून तिच्याकडे बघू लागली.

"अशी काय बघतेस?"

"ताई, मग पोट कशानं भरतं तिचं?"

आतून हाक आली.

"तुझा नंबर, ताई."

"चल, घरी जाऊ."

"ताई, आणि तुझी दाढ?"

"दुखू दे. आज मी वाढते, आणि तिच्या शेजारी बसते."