खुराड्याचा अडसर

चोरीला गेलेल्या स्कूटरची तक्रार द्यायला आलेली नीवेस इटलीतल्या मारेम्मा भागातल्या त्या छोट्या पोलीस ठाण्यात बाकावर बसली खरी, पण तिचे कान केव्हाच पुढच्या टेबलाकडे पळाले होते. तिथे म्हातारा सेत्तीमिओ आपली बंदूक पुढ्यात ठेवून ठाणेदार लुचिल्लाबाईंशी हुज्जत घालत होता.

“काका, कायद्यानं ही लष्करी दिसणाऱ्या बंदुकांत मोडते. रविवारी रानडुकरांमागे नेता येणार नाही.”

“अगं लुचिल्ला, माझीच जुनी बंदूक! जावयानं हौसेनं हा काळा प्लॅस्टिकचा दस्ता बसवला, एवढंच.”

“तेवढ्यानंच तर ती फौजेतली दिसते.”

“म्हणजे मी गणवेश घातला, तर मला सीमेवर धाडशील?”

“नको बाई, शत्रू हसून मरेल.”

“चेष्टा पुरे. रविवारी नात पहिल्यांदाच शिकारीला माझ्या शेजारी उभी राहणार आहे गं.”

“मग जुना, अक्रोडाचा दस्ता कुठाय?”

“कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलाय.”

“तो काढा, बंदुकीला बसवा आणि उद्या आणून दाखवा. शिकारीची दिसली, तर शिकारीच्या बंदुकांत नोंदवते.”

“खरंच? आणि खुराड्याला काय लावू?”

“हा काळा लावा की. कोल्ह्याला वाटेल, फौज आली!”