अरुणदादांचं काडतूस आणि माझी सही

नीलावहिनी, मृणाल, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

जुबैलमधल्या या एका दिवाणखान्यात आज इतकी माणसं मावली आहेत. काही जण जिन्यात उभे आहेत. धाहरानहून आलात, दम्मामहून आलात. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. मग माझं मलाच राहवलं नाही. मंगळवारपासून मला एका जागी बसवत नाहीये. आत्ताही मी उभा आहे ते बरं आहे.

मंगळवारी दुपारी रास अल खैरहून परतणाऱ्या बसमध्ये अरुणदादा गेले. खिडकीला डोकं टेकून. मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. मला वाटलं, डोळा लागलाय. जुबैल आलं, सगळे उतरले, मी त्यांच्या खांद्याला हात लावला. दादा, यल्ला, चला, उतरा. बास. एवढंच.

आपल्याला दादा माहीत आहेत ते समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या प्लांटमधले पंपांचे इंजिनियर म्हणून. गणपतीत मोदकांच्या पाऱ्या मोजमाप घेतल्यासारख्या सारख्या करणारे म्हणून. पण मला आज त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल बोलायचंय. वहिनी, तुमची परवानगी मी काल घेतली आहे.

दादा तरुणपणी नाशिकच्या रायफल क्लबात नेम धरायचे. ते सुटलं, नोकरी आली, सौदी आलं. इथं आपण परकी माणसं, बंदुकीचं नाव काढायचं नाही. त्यांनी ते कधी काढलंही नाही. पण कागद आणि पेन्सिल कोण काढून घेणार? बारा वर्षं हा माणूस एका काडतुसाचा नकाशा काढत होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठलीच कंपनी बनवत नाही असं काडतूस. शंभर वर्षांपूर्वीच्या एका जाड रायफलची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची आणि तिच्यात बारीक गोळी बसवायची. याला वाइल्डकॅट म्हणतात, रानमांजर. मृणाल त्याला 'बाबाज् कॅट' म्हणायची. हो ना गं? दादा म्हणायचे, "खांद्याला धक्का लागू नये, आणि गोळी सरळ जावी. एवढंच हवंय मला."

तो कागद एकदा जेवणाच्या सुट्टीत अबू नासर यांनी पाहिला. अबू नासर कंट्रोल रूममध्ये आहेत. आत्ता ते तिथं दाराशी बसले आहेत. शिकारीचा त्यांना परवाना आहे, आणि दरवर्षी ते दक्षिण आफ्रिकेत एका शेतावर जातात. तिथं ओळखीचा एक बंदूक बनवणारा कारागीर आहे, तोही परवानाधारक. अबू नासर म्हणाले, "मुहंदिस," म्हणजे इंजिनियर, "हे मला बनवून हवं. सगळं तिकडे होईल. तू फक्त कागद दे."

दादांनी विचार करायला आठवडा घेतला. मग हो म्हणाले, पण एक अट घातली. नकाशा दुसऱ्या इंजिनियरने तपासायचा. त्याची सही हवी.

तो दुसरा इंजिनियर मी.

माझं रोजचं काम काय? दाबाखालच्या टाक्या तपासणं. दाब म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. दादांनी कागद दिला तेव्हा मी सुट्टीवर निघायच्या तयारीत होतो. तीन दिवस तो माझ्या बॅगेत तसाच होता. विमानतळावर ते मला सोडायला आले. गाडी बाहेर उभी होती, मागून हॉर्न वाजत होते. ते म्हणाले, "प्रसाद, बघितलंस ना?"

मी म्हणालो, "हो दादा, बघितलं." आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून वरच्या घडीवर 'तपासले' असं लिहून सही केली.

मी बघितलं नव्हतं. मी घडीसुद्धा उघडली नव्हती.

पुढं काय झालं ते ऐका. रायफल तयार झाली. पहिली काडतुसं तयार झाली. कारागिराने कळवलं होतं की नकाशावर दोन इंजिनियरांच्या सह्या आहेत, तेव्हा मी कागदाबरहुकूम केलंय. अबू नासर भावांना घेऊन तिकडे पोचले. आणि इकडे एका शुक्रवारी सकाळी दादा सहज म्हणून पुन्हा आकडेमोड करायला बसले.

पुंगळीची मान आवळली की पितळ जाड होतं. दादांनी जाडी धरली होती आवळण्याआधीची. म्हणजे गोळी सुटताना रायफलच्या नळीत मानेला फुलायला जागाच नाही. मग दाब जाणार कुठं? मागं. गोळी झाडणाऱ्याच्या तोंडाकडे.

वहिनी सांगतात, ते खुर्चीवरून असे उठले की चहाचा कप फुटला. अबू नासर यांना सात वेळा फोन लावला. उचलेनात, फोन गाडीत होता. मग कारागिराच्या वर्कशॉपला लावला. त्याच्या बायकोने उचलला. दादा ओरडले, "थांबवा त्यांना! आधी थांबवा, मग मी सांगतो!" ती बाई चपला न घालता धावली.

त्या वेळी अबू नासर काडतूस आत ढकलून रायफलचा बोल्ट बंद करायला जोर लावत होते. जड लागतोय म्हणून भावाला हसत सांगत होते.

सगळे वाचले. आणि सगळ्यांसमोर अबू नासर यांची फजिती झाली. एवढा खर्च, एवढी बढाई, आणि गोळी न झाडता परत. ते आले आणि दादांना कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत बोलले. दादा उभं राहून ऐकत होते. एकच वाक्य म्हणाले, "चूक माझी आहे."

दोन महिने अबू नासर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी तेव्हा पुढच्या सुट्टीवर होतो, परत आलो तेव्हा हे कळलं. मी म्हणालो, "दादा, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

ते म्हणाले, "अरे, हॉर्न वाजत असताना घेतलेली सही ती. मीच घाई केली."

"मी सांगतो त्यांना."

"सांगायचं असेल तर तू सांग. मी सांगणार नाही."

आणि मी सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो. दीड वर्ष झालं.

नवा नकाशा दादांनी काढला, तोही माझ्याकडेच दिला. दुसऱ्या कोणाकडेही देता आला असता की नाही? मग मी अकरा संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. रेघ न् रेघ भांडून तपासली. वहिनी म्हणायच्या, "जेवा आधी, ते मांजर कुठं पळून चाललंय!" कारागिराने पुन्हा सगळं घडवलं, या वेळी मोजून. अबू नासर पुन्हा गेले. गोळी झाडली. लागली बरोबर. त्यांनी आनंदाने व्हिडिओ कॉल केला, लक्ष्य दाखवलं. दादा म्हणाले, "ते राहू दे. पुंगळी दाखवा." रिकामी पुंगळी स्क्रीनसमोर फिरवून फिरवून बघितली. कुठं तडा नाही, फुगवटा नाही. मग चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले. ती रायफल त्यांनी हातात कधीच धरली नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

आता शेवटचं. आज वर येण्याआधी खाली पार्किंगमध्ये अबू नासर भेटले. मी त्यांना थांबवलं. मोडक्या हिंदीत, मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. न बघता सही केली होती, म्हणालो. त्या दिवशी तुम्हाला काही झालं असतं तर त्यात मी होतो.

ते म्हणाले, "कागद माझ्याकडे होता, प्रसाद. तुझी सही मला पहिल्या दिवसापासून दिसत होती."



पुढे म्हणाले, "मी अरुणला विचारलं होतं, हा दुसरा माणूस कुठं आहे? तो का येत नाही? अरुण म्हणाला, थांबा, तो येईल. त्याला वेळ लागतोय, पण येईल. नंतर मी विचारायचो, आला नाही तुझा माणूस? तो म्हणायचा, येईल."

दीड वर्ष, मंडळी. रोज बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसणारा माणूस माझ्याबद्दल दुसऱ्याला हे सांगत होता, आणि मला एका शब्दाने विचारत नव्हता. मला ते बोलले असते, रागावले असते, तर मी आज नीट झोपलो असतो. ते रागावलेच नाहीत. आता कोणाकडे जाऊ?

मृणाल, तुझे बाबा परवा नाशिकला पोचतील. कागदपत्रं झाली आहेत. अबू नासर दोन दिवस त्यासाठीच ऑफिसांमध्ये उभे होते. मी तुमच्याबरोबर येतोय. तिथं काय लागेल ते मला सांगायचं, संकोच करायचा नाही.

आता सगळ्यांनी उभं राहू या. ज्यांना जागा नाही त्यांनी आहात तिथंच थांबा. फोन बंद करा. थोडा वेळ कोणीही काही बोलू नका.

दादा, मी आलो. फार उशिरा आलो. नमस्कार करतो.