शिंगणापूरच्या वाटेवरचा वास

बाबाजान : कार्बोरेटर खोलला, पुसला, परत बसवला. पंप बघितला. नळी बोटांनी चाचपली. कुठं थेंब न्हाई, वैनी.

मुक्ता : पण वास येतो, बाबाजानभाई. पेट्रोलचाच. मागे बसलं की येतो.

राधाकृष्ण : हिला येतो. मला नाही, आईला नाही.

मुक्ता : तुम्ही पुढे बसता. आणि आई दिवसभर तपकीर ओढतात, त्यांना कसला वास येणार?

बाबाजान : साहेब चालवत हुते, मी मागं बसून माळीवाड्यापत्तर जाऊन आलो. मला बी न्हाई आला.

मुक्ता : मलाही गावात येत नाही. तेच तर कळत नाही. महिन्यातून एकदा, शिंगणापूरला जाताना येतो. इमामपूरच्या घाटात सगळ्यात जास्त.

बाबाजान : फकस्त शिंगणापूरला? श्रीरामपूरला, पुण्याला?

मुक्ता : पुण्याला तीनदा गेलो. काही नाही.

राधाकृष्ण : ऐकलंत? गाडीला आता दिशा कळायला लागल्या.

मुक्ता : थट्टा करा. पण मांडीवरचा हा बाळ झोपतो त्याचं काय? घरी भर दुपारी डोळ्याला डोळा लावत नाही, आणि घाट लागला की मान टाकतो. हलवलं तरी उठत नाही. मागच्या खेपेला उतरल्यावर भडाभडा ओकला.

राधाकृष्ण : गाडीत सगळीच मुलं झोपतात.

मुक्ता : अशी नाही झोपत.

बाबाजान : थांबा, दुसरा पाना आणतो. मागल्या बाजूची नळी बघू.

(बाबाजान दुकानात जातो.)

राधाकृष्ण : आई विचारत होती, तुला पुन्हा दिवस गेलेत का. त्यात म्हणे वास फार येतात.

मुक्ता : नाही गेले. फोडणी, रॉकेल, मोरी, कशाचाही त्रास नाही मला. फक्त हाच.

राधाकृष्ण : मग ती म्हणते, हिला देवाला यायचंच नसतं. आज शनिअमावास्या. ‘सून नसेल येत तर राहू दे, मी नातवाला घेऊन जाते,’ म्हणाली.

मुक्ता : तुम्ही काय म्हणालात?

राधाकृष्ण : गाडी इथे आणली ना.

मुक्ता : माझ्याशिवाय बाळ जायचा नाही. आणि त्या वासात मी त्याला मांडीवर घेऊन बसायची नाही. मला भास होत असतील तर तसं सांगा. पण आधी कुणीतरी नीट बघा.

राधाकृष्ण : बघतोय ना तो.

मुक्ता : तुम्ही आठवा. तिकडे जाताना वेगळं काय करता?

राधाकृष्ण : काही नाही. आई नारळ घेते, तेल घेते, निघतो.

बाबाजान : (पाना घेऊन येतो, मागची नळी खोलून बघतो) ही नळी बी सुकी खडखडीत. साहेब, गाडीत शिग्रेट ओढता का?

राधाकृष्ण : आई बरोबर असली की नाही ओढत.

बाबाजान : आईसाहेबांचे उपकार म्हणायचे. वैनी म्हणतात तसा वास असंल तर एक काडी पुरं.

मुक्ता : आता काय करायचं?

बाबाजान : मलाच उमजंना झालंय. असं करू. शिंगणापूरला निघाल्यावानी निघू. तेच बसणं, तोच रस्ता. मी पुढं बसतो.

राधाकृष्ण : चला. थांबा, मग ते कुलूप काढून ठेवू दे.

बाबाजान : कसलं कुलूप?

राधाकृष्ण : टाकीच्या झाकणाचं. त्याला किल्ली आहे ना. आईची शिस्त आहे, त्या गावात कुणी दाराला कुलूप घालत नाही, तर आपण कुलूप बरोबर न्यायचं नाही. म्हणून झाकण काढून घरी कोनाड्यात ठेवतो.

मुक्ता : आणि टाकी?

राधाकृष्ण : फडकं कोंबतो की. चांगलं घट्ट.

बाबाजान : टाकी भरलेली असती?

राधाकृष्ण : काठोकाठ. निघायच्या आदल्या दिवशी भरतो.

बाबाजान : या अल्ला. साहेब, घाट चढताना पेट्रोल मागं येतंय, फडकं भिजतंय. अन् टाकीचं तोंड वैनींच्या खिडकीच्या मागंच हाय.

मुक्ता : त्याला हवा लागावी म्हणून काच मी खाली करते. वास आला की आणखी खाली करते.

राधाकृष्ण : तुला कसं दिसलं नाही फडकं?

मुक्ता : मी आधीच आत बसलेली असते, त्याला घेऊन. आत्ता विचारलं तेव्हा काय म्हणालात? काही नाही.

राधाकृष्ण : ते गाडीचं कुठे होतं? देवाचं होतं. गाडीत मोजलंच नाही मी.

बाबाजान : ऱ्हाऊ द्या. कुलपाचं झाकण लावून जावा.

राधाकृष्ण : आई गाडीत पाय ठेवायची नाही.

मुक्ता : बिनकिल्लीचं नाही का मिळत?

बाबाजान : मोडीत आलेल्या एका गाडीचं हाय माझ्याकडं. आत नवं रबर घालतो. बसलं तर बसलं.

मुक्ता : बसवाच. आणि आधी आईंना न घेता, बाळाला घेऊन आम्हीच घाटापर्यंत जाऊन येऊ. बसलं नाही तर आईंना मी सांगेन.

राधाकृष्ण : काय सांगशील?

मुक्ता : ते तेव्हा बघू.

(बाबाजान झाकण बसवतो. बाळाला घेऊन दोघं घाटाकडे निघतात.)

राधाकृष्ण : हा लागला घाट. काच खाली कर.

मुक्ता : केली.

राधाकृष्ण : येतोय?

मुक्ता : नाही. थांबा. नाही बहुतेक.

राधाकृष्ण : बहुतेक काय? आई तिकडे नारळ घेऊन ओट्यावर बसली असेल.

मुक्ता : मला आता वास येतोय की नुसता आठवतोय, तेच समजत नाही. आणखी वर चला.

राधाकृष्ण : हे अर्ध्यावर आलो. काय गं, रडतोय का तो?

मुक्ता : रडत नाही, ओरडतोय. ट्रक बघितला त्याने. आता खिडकीतून हात बाहेर काढायचाय त्याला. अहो, पदर ओढतोय, मंगळसूत्र ओढतोय, एक मिनिट स्वस्थ नाही.

राधाकृष्ण : मग वळवू का गाडी? आईला काय सांगू?

मुक्ता : वळवा. म्हणावं, आज नातू झोपणार नाही. आळीपाळीने घेऊ.