देश जरा सावरला की येतो

नाही, पण मी म्हणते, देश सावरायचा म्हणजे सावरायचा तरी किती हो? फुफू झाला की हाताला कळतं, रस्सा झाला की नाकाला कळतं, पण देश सावरलेला नेमका कुणाला कळतो? कारण तुम्हाला सांगते, आमचे हे, अग्येमान, हॅम्बुर्गला निघाले तेव्हा विमानतळावर मला काय म्हणाले, “आफ्राकोमा, रडतेस काय वेड्यासारखी, देश जरा सावरला की येतो.” जरा म्हणाले हो, जरा! तेव्हा धाकटी माझ्या पाठीवर बांधलेली होती, आता ती कॉलेजात जाते आणि मलाच अक्कल शिकवते.

माझी खानावळ इथेच, कुमासीच्या मोठ्या बाजारामागे. फुफू खायला अख्खं गाव येतं… आता उकडलेले कंद नि केळी उखळात कुटून फुफूचा गोळा करायचा, हे काय एकट्यादुकट्याचं काम आहे का? हे उभे राहून मुसळ घालायचे आणि मी बसून उखळातला गोळा उलटायची. मुसळ वर गेलं की हात आत, हात बाहेर आला की मुसळ खाली. आम्ही कडाकडा भांडलेलो असलो, चार दिवस अबोला असला तरी ठोका म्हणून चुकायचा नाही. हे गेल्यावर एक धट्टाकट्टा गडी ठेवला, तर पहिल्याच दिवशी माझं बोट ठेचलं! त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण चूक त्याची नव्हतीच, मीच आमच्या ह्यांच्या ठोक्यावर हात घातला होता. मग मशीन घेतलं. तर लाईट जायला लागली. दुपारी ऐन गर्दीत मशीन गप्प, गिऱ्हाइकं बोंबलतायत, मी आपली फोन लावतेय, “अहो, लाईट नाही.” तर हे म्हणतात, “तेच तर म्हणतो ना मी. देश जरा सावरला की येतो.”

तेव्हापासून रेडिओ माझ्या कानाला. बाजारातल्या बाया टोमॅटोच्या भावासाठी बातम्या ऐकतात, मी नवऱ्यासाठी ऐकते! महागाई वाढली की मी ठेवणीतलं लुगडं पेटीत ढकलते, कमी झाली की उन्हात टाकते. आमच्याकडे जेवायला अडोमाको मास्तर येतात, शाळेत अर्थशास्त्र शिकवतात. त्यांना विचारलं, काय मास्तर, कसं दिसतंय देशाचं? तर बोटं चाटत म्हणतात, “बाई, चित्र आशादायक आहे, पण जागतिक घडामोडींवर अवलंबून आहे.” अहो, माझं नशीब हॅम्बुर्गवर अवलंबून आहे ते पुरे नाही का, त्यात जग कशाला आणता? एका निवडणुकीत एका पक्षाला मत दिलं, पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याला दिलं, लोक म्हणाले आफ्राकोमा पक्ष बदलते. बदलीन नाही तर काय! मला पक्ष नकोय, मला विमानातून उतरणारा माणूस हवाय. झोपताना अजून मी खाटेच्या कडेलाच पडते, त्यांची जागा मोकळी ठेवून… जाऊ द्या.

आणि तुम्हाला सांगते, ह्या वेळी खरंच सावरला की! निवडणूक शांततेत झाली, लाईट टिकायला लागली, आणि आमचं चलन, सेडी… आमचा मेला रोज घसरणारा सेडी, तो चढायला लागला. युरो खाली, सेडी वर! मास्तरांनी आनंदात दुसरा गोळा मागवला. मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. म्हटलं, अहो, हरलेल्या उमेदवारानंसुद्धा जिंकलेल्याला आपणहून फोन केला, तुम्ही कधी करणार? आता या.

मला वाटलं, आता रडतील आनंदानं.

तर म्हणतात, “आफ्राकोमा, सेडी चढला हीच तर पंचाईत झाली गं. माझ्या युरोचे तिकडे आता पूर्वीइतके सेडी येत नाहीत. मी पैसे पाठवून बांधतोय त्या आपल्या घराच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर राहिलंय. सेडी जरा पडू दे, छप्पर घालतो आणि येतो.”

ऐकलंत? इतकी वर्षं देश उठायची वाट पाहिली, आता पडायची पाहायची! मला म्हणावंसं वाटलं, छप्पर घाला चुलीत, तुम्ही या, उघड्यावर बसू पण दोघं बसू. म्हटलं का मी असं? नाही हो. विचारलं, “जेवलात का?” तर म्हणे ब्रेड खाल्ला.

परवाच्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी दोन्ही हात वर केले, “हे परमेश्वरा, आमच्या देशाला सावर, आमच्या सेडीला बळ दे.” अख्खं चर्च गरजलं, आमेन! मास्तर तर बाकावरून उठून गरजले. आणि मी आपली मधल्या रांगेत उभी, तोंड अर्धं उघडं. म्हणावं तर नवरा राहतो तिकडे, न म्हणावं तर देश जातो खड्ड्यात, आणि त्यात माझ्या पोरीबाळी राहतात.

म्हटलं हो शेवटी आमेन. पण हळूच… देवाला ऐकू जाईल, सेडीला जाणार नाही, एवढंच.